नॉरअॅड वाढतंय, पण बीपी दाद देत नाही : जंतूंचं विष आणि ढिल्या पडलेल्या रक्तवाहिन्या

आयसीयूत नव्याने रुजू झालेल्या डॉक्टरला किंवा नर्सला पहिल्या महिनाभरात ही रात्र हमखास भेटते. जंतुसंसर्गाचा पेशंट, अंगात ताप, श्वास भरभर, हातपाय चक्क गरम आणि बीपी ७८/३८. सलाइन देऊन झालंय, नॉरअॅड्रेनालिन (थोडक्यात नॉरअॅड, रक्तवाहिन्या आकसवून बीपी वाढवणारं औषध) चालू आहे. सिरिंज पंप ताशी ४ मिलिलीटरवर, मग ७ वर, मग १० वर. मीन (सरासरी बीपी) मात्र ५८ च्या आसपास घुटमळतोय. हात आपोआप पंपाच्या वरच्या बाणाकडे जातो.

तो बाण दाबायचाच आहे, पण दाबताना डोक्यात काय चालू असायला हवं, ते इथे क्रमाने सांगते. माझं म्हणणं एवढंच की नॉरअॅडचा डोस हा उपचार आहे, तसंच ते मोजमापही आहे. काल ०.०५ (मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिट) वर भागत होतं आणि आज ०.३ लागतंय, याचा अर्थ रक्तवाहिन्या औषधाला दाद देईनाशा झाल्या आहेत. त्या का दाद देत नाहीत हे शोधणं हेच त्या रात्रीचं खरं काम.

(खालचे आकडे समजण्यासाठी आहेत. तुमच्या युनिटचा प्रोटोकॉल आणि वरिष्ठांचा सल्ला त्यांच्या आधी येतो.)

पायरी १ : रक्तवाहिनीत काय बिघडलंय ते नीट समजून घ्या

या पायरीवर मी जरा जास्त वेळ घालवणार आहे, कारण ही कळली की पुढच्या पायऱ्या पाठ कराव्या लागत नाहीत.

ई. कोलाय, क्लेबसिएला, स्यूडोमोनास या ग्रॅम-निगेटिव्ह जंतूंच्या बाहेरच्या आवरणात लिपोपॉलिसॅकराइड नावाचा पदार्थ असतो. हेच एंडोटॉक्सिन. १८९२ मध्ये रिचर्ड फायफर हे रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत कॉलऱ्याच्या जंतूंवर काम करत होते. उष्णता देऊन मारलेले जंतू टोचले तरी गिनीपिग दगावतात, हे त्यांनी पाहिलं. म्हणजे जंतू मेला तरी विष शिल्लक राहतं. ते जंतूच्या आत असावं असं समजून त्यांनी त्याला 'एंडो' हे नाव दिलं. प्रत्यक्षात ते आवरणात असतं, आणि त्यातला लिपिड-ए हा तुकडा घातक असतो.

आता महत्त्वाची गोष्ट. हे विष रक्तवाहिनीला स्वतः फारसं ढिलं करत नाही, ढिलं करते ती आपल्या शरीराची प्रतिक्रिया. पेशींवरचा टीएलआर-४ हा रिसेप्टर हे विष ओळखतो (हे १९९८ मध्ये सिद्ध झालं) आणि पेशीच्या केंद्रकापर्यंत धोक्याचा निरोप जातो. मग रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या गुळगुळीत स्नायूपेशी एक एन्झाइम बनवायला लागतात, ते म्हणजे आयनॉस. त्याचं काम नायट्रिक ऑक्साइड तयार करणं. निरोगी रक्तवाहिनीचं अस्तरही नायट्रिक ऑक्साइड बनवतं, पण गरजेपुरतं, थोडं थोडं. आयनॉस तयार व्हायला काही तास लागतात, पण एकदा तयार झालं की ते थांबत नाही, वायूचा मारा चालूच ठेवतं. संध्याकाळी बऱ्यापैकी दिसणारा पेशंट मध्यरात्री का कोसळतो, याचं एक कारण या काही तासांत दडलेलं आहे.

नॉरअॅड एरवी काम कसं करतं? ते स्नायूपेशीवरच्या अल्फा-१ रिसेप्टरला चिकटतं, पेशीत कॅल्शियम वाढतं, मायोसिनला फॉस्फेट लागतं आणि स्नायू आकसतो. विषबाधेत ही साखळी एकाच वेळी अनेक ठिकाणी तुटते. नायट्रिक ऑक्साइडमुळे पेशीत सायक्लिक जीएमपी (स्नायूला सैल पडण्याचा निरोप देणारा रेणू) वाढतं आणि ते मायोसिनचं फॉस्फेट काढून टाकणाऱ्या एन्झाइमला जोर देतं, म्हणजे आकसलेला स्नायू पुन्हा सैल. शिवाय लॅक्टिक आम्ल, ऊर्जेची चणचण आणि खुद्द नायट्रिक ऑक्साइड यांमुळे पोटॅशियमच्या वाहिन्या सताड उघडतात. पोटॅशियम बाहेर गेलं की पेशीच्या आतला विद्युतभार आणखी ऋण होतो आणि कॅल्शियमची दारं बंद राहतात. नॉरअॅड बाहेर उभं आहे, रिसेप्टरला चिकटलंही आहे, पण ज्या कॅल्शियमच्या जोरावर ते काम करणार तेच आत येत नाही. त्यात भर म्हणजे सतत मारा झाल्यामुळे अल्फा-१ रिसेप्टर थकतात आणि संख्येनेही कमी होतात. शरीराचं स्वतःचं व्हॅसोप्रेसिन (रक्तवाहिन्या आकसवणारं संप्रेरक) सुरुवातीला भरपूर सुटतं, मग साठा आटतो. कॉर्टिसॉलही गरजेच्या मानाने कमी पडतं.

प्रयोगशाळेत हे डोळ्यांनी बघता येतं. उंदराच्या महाधमनीची दोन-तीन मिलिमीटरची चकती कापतात, दोन बारीक तारांच्या आकड्यांमध्ये अडकवतात आणि ३७ अंशांच्या, ऑक्सिजनचे बुडबुडे सोडलेल्या द्रावणात बुडवून ठेवतात. एक आकडा ताण मोजणाऱ्या यंत्राला जोडलेला असतो. मग फेनिलेफ्रिन (हेही अल्फा-१ वर काम करणारं औषध) थेंबाथेंबाने वाढवत जायचं. निरोगी उंदराच्या चकतीचा आलेख चढत जाऊन एका उंचीवर स्थिरावतो. एंडोटॉक्सिन दिलेल्या उंदराच्या आलेखात दोन बदल दिसतात. तो उजवीकडे सरकतो, म्हणजे तेवढ्याच ताणासाठी जास्त औषध लागतं. आणि त्याचा माथाही खाली येतो, म्हणजे कितीही औषध ओतलं तरी पूर्वीची उंची गाठता येत नाही. चकतीचं आतलं अस्तर खरवडून काढलं तरी हे होतं, कारण बिघाड स्नायूतच आहे. नायट्रिक ऑक्साइड बनवणं रोखणारं रसायन घातलं की आलेख बराचसा वर येतो.

हे दोन बदल लक्षात ठेवा. आलेख नुसता उजवीकडे सरकला असेल तर डोस वाढवून काम भागतं. माथाच खाली आला असेल तर डोस वाढवून भागत नाही, दुसरी वाट धरावी लागते. पलंगाशेजारी आलेख दिसत नाही, पण पंप ८ वरून १२ वर नेल्यावर मीन २ ने वाढला की १० ने, हे दिसतं. ते लिहून ठेवत जा.

हे फक्त उंदरांपुरतं नाही. निरोगी स्वयंसेवकांना किलोमागे २ नॅनोग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला १२० नॅनोग्रॅम इतकं नाममात्र एंडोटॉक्सिन दिलं तरी काही तासांत थंडी-ताप, डोकेदुखी होते आणि त्यांच्या हाताच्या रक्तवाहिन्या नॉरअॅडला कमी प्रतिसाद देतात.

ग्रॅम-पॉझिटिव्ह जंतूंत एंडोटॉक्सिन नसतं, पण त्यांची वेगळी हत्यारं आहेत. त्यांच्या भिंतीचे तुकडे टीएलआर-२ मार्फत तोच वणवा पेटवतात. स्टॅफिलोकॉकसचं टीएसएसटी-१ हे तर सुपरअँटिजेन आहे, ते एकदम लाखो टी-पेशींना चिथावतं. शेवट तोच : ढिल्या रक्तवाहिन्या.

पायरी २ : मॉनिटरवरचा आकडा खरा आहे का ते बघा

मी नवी असताना एका पेशंटचा मीन ५४ दिसत होता आणि अर्धा तास मी नॉरअॅड वाढवत होते. सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेतली नळी) टाकण्यासाठी पलंग उंच केला होता, ट्रान्सड्यूसर (धमनीतल्या नळीतून बीपी मोजणारं यंत्र) त्या उंचीला लावला होता. काम झाल्यावर पलंग खाली आला, ट्रान्सड्यूसर स्टँडवर वरच राहिला. एका ज्येष्ठ सिस्टरने काही न बोलता तो छातीच्या बरोबरीला आणला आणि झीरो केला. मीन ७२. पेशंट दाद देत होता, मीच चुकीचं वाचत होते. त्या अर्ध्या तासात त्याला नको असलेलं किती औषध गेलं, याचं वाईट आजही वाटतं.

ट्रान्सड्यूसर १० सेंटिमीटर वर गेला की बीपी साधारण ७ ते ८ मिलिमीटरने कमी दिसतं, खाली गेला की तेवढंच जास्त. तो चौथ्या बरगडीच्या फटीच्या रेषेत, छातीच्या जाडीच्या मध्यावर हवा. लाट चपटी दिसत असेल तर लाइनमध्ये हवेचा बुडबुडा, गुठळी किंवा नळीला पीळ आहे का बघा. डोस खूप वाढलेला असताना मनगटातल्या धमनीत बीपी कमी आणि जांघेतल्या धमनीत जास्त, असाही फरक पडतो. शंका आली तर कफ लावून ताडून बघा.

औषध खरोखर पोचतंय का, हेही इथेच तपासायचं. नॉरअॅडचा परिणाम दोन-तीन मिनिटांत ओसरतो. सिरिंज बदलताना एक मिनिट खंड पडला तरी बीपी घसरतं. नवी सिरिंज आधीच दुसऱ्या पंपावर भरून तयार ठेवा.

पायरी ३ : खालचा आकडा वाचा, पायाला हात लावा

मीन काढायची सोपी रीत : वरचा आकडा, अधिक खालच्याची दुप्पट, भागिले तीन. ७८/३८ चा मीन येतो ५१. सर्वसाधारण लक्ष्य ६५.

नवे लोक वरच्या आकड्याकडे बघतात. मी आधी खालचा बघते. हृदयाच्या दोन ठोक्यांमध्ये बीपी कितपत टिकून राहतं, हे बऱ्याच अंशी रक्तवाहिन्यांच्या ताठरपणावर अवलंबून असतं. नाडी वेगवान असूनही डायस्टोलिक (खालचा आकडा) चाळिशीच्या खाली असेल तर रक्तवाहिन्या ढिल्या आहेत हे जवळपास नक्की, आणि नॉरअॅडला उशीर करू नये. सेंट्रल लाइन नसेल तर हाताच्या वरच्या भागातल्या चांगल्या मोठ्या शिरेतून थोड्या वेळासाठी सुरू करता येतं. औषध शिरेबाहेर पाझरत नाही ना, यावर मात्र नजर हवी.

मग पांघरूण बाजूला करा. बोटाच्या टोकावर काचेची पट्टी १० सेकंद दाबून धरा, इतकी की बोट पांढरं पडेल, आणि सोडून सेकंद मोजा. ३ सेकंदांत रंग परतला तर ठीक. मीन ६५ आहे पण रंग परतायला ५ सेकंद लागताहेत, गुडघ्यांवर जाळीदार निळसर चट्टे आहेत, लघवी तासाला १५ मिलिलीटर आहे, तर तो ६५ चा आकडा पेशंटच्या कामाचा नाही.

पायरी ४ : डोस मिलिलीटरमध्ये बोलू नका

"पेशंट किती सपोर्टवर आहे?" असं विचारलं की "दहा एमएल" असं उत्तर येतं. सिरिंजमध्ये औषध किती घातलंय हे कळल्याशिवाय त्या दहाला अर्थ नाही. डोस नेहमी मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिट असा सांगा.

५० मिलिलीटरमध्ये ४ मिलिग्रॅम, म्हणजे एका मिलिलीटरमध्ये ८० मायक्रोग्रॅम. पेशंट ६० किलोचा. पंप ताशी ४.५ वर असेल तर तासाला ३६० मायक्रोग्रॅम, मिनिटाला ६, म्हणजे ०.१. पंप ११.२५ वर गेला की ०.२५. हा आकडा डोक्यात कोरून ठेवा, कारण तिथून पुढच्या वाटा फुटतात.

एक खाच अनेकांना ठाऊक नसते. नॉरअॅडच्या बाटलीवर कुठे क्षाराचं वजन लिहिलेलं असतं, कुठे मूळ औषधाचं. २ मिलिग्रॅम बायटार्ट्रेट म्हणजे मूळ नॉरअॅड १ मिलिग्रॅम. दोन जागचे लोक ०.२५ म्हणतात तेव्हा एकाचा डोस दुसऱ्याच्या निम्मा असू शकतो. आपल्याकडच्या लेबलवर काय लिहिलंय ते एकदा हातात धरून वाचा.

पायरी ५ : विष जिथून येतंय ती जागा बंद करा

अँटिबायोटिक शॉक ओळखल्यापासून तासाभरात, कल्चर (जंतू ओळखण्यासाठी रक्त वगैरेचे नमुने) घेऊन, पण कल्चरसाठी अडून न बसता. त्याहून जास्त विसर पडतो तो उगमाचा. मूत्रनलिकेत खडा अडकून वरती पू साठलाय, पित्तनलिका तुंबलीय, आतडं फुटलंय. हे मोकळं केल्याशिवाय नॉरअॅड खाली येणार नाही. तुंबलेली नळी मोकळी करणारा स्टेंट पडल्यावर काही तासांत डोस उतरताना बघितलाय, आणि "आधी स्थिर होऊ दे, मग नेऊ" म्हणत थांबल्यामुळे डोस चढताना बघितलाय. पुरेसा संशय असेल तर रात्री दोनलाही सर्जनला फोन करा. टीएसएसटी-१ सारखं विष बनवणाऱ्या जंतूचा संशय असेल तर क्लिंडामायसिन जोडण्याचा विचार होतो, कारण ते जंतूची विषनिर्मितीच रोखतं.

सोबत छोटी कामं. पाणी पुरेसं गेलंय का? सर्व्हायव्हिंग सेप्सिस कॅम्पेनच्या २०२१ च्या सूचना पहिल्या तीन तासांत किलोमागे निदान ३० मिलिलीटर असं सुचवतात, पण पुढचं पाणी पेशंटचे पाय उचलून हृदयाचा प्रतिसाद बघणं किंवा इको (हृदयाची सोनोग्राफी) यांच्या आधारे द्या. ब्लड गॅसवर आयोनाइज्ड कॅल्शियम बघा आणि कमी असेल तर वरिष्ठांच्या कानावर घाला. पीएच बघा, आम्लात नॉरअॅडची धार बोथट होते. मात्र बायकार्बोनेट सरसकट देऊ नका. पीएच ७.२ किंवा खाली आणि मूत्रपिंडही बिघडलेलं असेल, तिथे त्याचा विचार करतात. आणि हृदयावर इको प्रोब ठेवाच. हे विष हृदयालाही मंद करतं, आणि थकलेल्या हृदयासमोर नुसत्या रक्तवाहिन्या आवळल्या तर ते आणखी दमतं.

पायरी ६ : दुसरी वाट धरा

नॉरअॅड ०.२५ ते ०.५ च्या दरम्यान पोचलं आणि मीन हलत नसेल तर व्हॅसोप्रेसिन जोडा. ते अल्फा-१ वर अवलंबून नाही, व्ही-१ या वेगळ्या रिसेप्टरवर काम करतं, आणि पहिल्या पायरीत सांगितलेल्या उघड्या पोटॅशियम वाहिन्या बंद करायला मदत करतं. शिवाय शरीराचा साठा आटलेला असतोच. डोस मिनिटाला ०.०३ युनिट. ५० मिलिलीटरमध्ये २० युनिट असतील तर ताशी ४.५ मिलिलीटर. हा पंप सहसा एकाच जागी ठेवतात, चढउतार नॉरअॅडने करतात. बोटं काळवंडताहेत का, पोट फुगतंय का, यावर लक्ष हवं. आणखी गरज पडली तर अॅड्रेनालिन. त्याने लॅक्टेट (रक्तातलं लॅक्टिक आम्ल) वाढतं, तेव्हा ते वाढलं की पेशंट बिघडला असा निष्कर्ष लगेच काढू नका.

नॉरअॅड ०.२५ किंवा जास्त, आणि तसं चार तास झाले असतील तर हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड, दिवसाला २०० मिलिग्रॅम, बहुधा सहा तासांनी ५० असं विभागून. स्टेरॉइड आयनॉस बनणं रोखतं आणि अल्फा-१ रिसेप्टरची ग्रहणशक्ती परत आणतं. आधीच तयार झालेलं आयनॉस मात्र ते पुसू शकत नाही, म्हणून परिणामाला तास लागतात. २०१८ च्या अॅड्रेनल या मोठ्या अभ्यासात स्टेरॉइडमुळे मृत्यू कमी झाले नाहीत, पण शॉक ओसरायला सरासरी तीन दिवस लागले, तर दुसऱ्या गटात चार. साखर तपासत राहा.

अँजिओटेन्सिन-२ आणि मेथिलीन ब्ल्यू ही नावं ऐकू येतील. पहिलं तिसऱ्याच रिसेप्टरवर चालतं, दुसरं सायक्लिक जीएमपी बनवणारं एन्झाइम दाबतं. हे निर्णय वरिष्ठांचे.

इथे एक प्रश्न प्रत्येक हुशार विद्यार्थी विचारतो : नायट्रिक ऑक्साइडच बंद का करत नाही? करून बघितलंय. एल-एनएमएमए या औषधाची ७९७ पेशंटवरची चाचणी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. बीपी वाढलं, पण २८ दिवसांत औषध घेणारे ५९ टक्के दगावले, न घेणारे ४९ टक्के. चाचणी मध्येच थांबवावी लागली. सगळं नायट्रिक ऑक्साइड बंद केलं की सूक्ष्म रक्तवाहिन्यांना आणि हृदयाला लागणारं थोडंसंही बंद होतं. मॉनिटर सुधारला आणि माणूस गेला. तिसऱ्या पायरीत पायाला हात लावायला सांगितलं ते यासाठी.

विष अडवण्याचेही प्रयत्न झाले. टीएलआर-४ रोखणारं एरिटोरन (२०१३) आणि रक्त गाळून एंडोटॉक्सिन शोषणारं पॉलिमिक्सिनचं फिल्टर (२०१८), दोन्ही मोठ्या चाचण्यांत मृत्यू कमी करू शकले नाहीत. याचं एक कारण मला पटतं : बीपी पडतं तोवर निरोप पोचून गेलेला असतो, मग निरोप्याला अडवून फारसं साधत नाही.

पायरी ७ : उतरताना जास्त जागे राहा

रक्तवाहिन्या शुद्धीवर येतात तेव्हा कुणी घंटा वाजवत नाही. पहाटे कधीतरी मीन ६७ वरून ७८ होतो, ८४ होतो, आणि पंप तसाच चालू राहतो. कालचा डोस आजच्या जागत्या रक्तवाहिनीवर फार जोराने बसतो. बोटांचं, आतड्याचं नुकसान अशा वेळीही होतं. मीन लक्ष्याच्या वर पंधरा-वीस मिनिटं टिकला की नॉरअॅड ०.०२ ते ०.०५ ने उतरवा, थांबा, परत बघा. व्हॅसोप्रेसिन आधी काढायचं की नॉरअॅड, यावर युनिटायुनिटांत मतभेद आहेत. तुमच्या युनिटची पद्धत विचारून घ्या. स्टेरॉइड साधारणपणे सगळे सपोर्ट सुटल्यावर थांबवतात.

उतरलेला डोस परत चढायला लागला, तर दुसऱ्या पायरीपासून पुन्हा सुरुवात करा : ट्रान्सड्यूसर, सिरिंज, मग उगम. नवा पू कुठे साठलाय का, लाइनच्या जागी लाली आहे का, ड्रेन तुंबलाय का. आणि ड्युटी देताना "नॉरअॅड ०.१८" एवढंच सांगू नका. "रात्री दहाला ०.३२, स्टेंटनंतर चारला ०.२५, आता ०.१८, मीन ६८, बोटाचा रंग ३ सेकंदांत परततोय" असं सांगा.